वत्सलाची बदली

मी मानवत सोडलं त्या दिवशी आमच्या घरात दोन गोष्टींवरून भांडण चालू होतं. एक म्हणजे, माझ्या डब्यात धपाटे बांधायचे की पोळ्या. आणि दुसरं, मानवत रोड स्टेशनला जायला घरातून निघायचं कधी. मी जावं की जाऊ नये, हे भांडण त्याआधी वर्षभर घालून मी जिंकलेलं होतं, त्यामुळे त्यात आता कुणाला रस नव्हता. आईचं म्हणणं, पोळ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं, गाडी उशिराच येती, आत्ताच जाऊन काय फलाट झाडायचाय? शेवटी धपाटे बांधले, लवकर निघालो, आणि गाडी उशिरा आली. सगळेच बरोबर ठरले, त्यामुळे कुणालाच समाधान मिळालं नाही. फलाटावर आईनं परक्या शहरात कसं राहायचं ते सांगितलं आणि मी प्रत्येक वाक्याला उलट उत्तर दिलं. गाडी हलली तेव्हा आम्ही पाण्याच्या बाटलीवर आलो होतो. आप्पा मध्ये पडून म्हणाले, "रडायचं काय त्यात? परमुलखात न्हाई चाललीस. हैदराबादला चाललीस. तुझ्या पणज्याचा दावा तिथंच चालला."

हा पणजोबांचा दावा आमच्या घराण्यात फार मानाचा. निजामाच्या राज्यात शेताच्या बांधावरून त्यांनी कुणाशी तरी कज्जा मांडला आणि त्याच्या तारखांना ते हैदराबादला जायचे. जायचे, आणि परत यायचे. तेव्हापासून आमच्या माणसांच्या डोक्यात हैदराबाद म्हणजे काम उरकून परत यायची जागा. मला तिथं राहून आता एवढी वर्षं झाली, तरी मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने व्यापारी अजून विचारतात, "आटपलं का काम?"

पुण्याला गेलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुमची गोष्ट वेगळी. पुण्याला गेलेली मुलगी 'पुण्याला असते.' अमेरिकेत गेलेली 'तिकडं असते,' आणि ते सांगताना माणसं हात उंच करतात. माझ्याबद्दल आई सांगायची, "हितंच हाय, हैदराबादला." हितंच! तुमच्याकडं बर्फ आहे, व्हिसा आहे, आमच्याकडं रडायलासुद्धा पुरेसं अंतर नाही. रेल्वेचा एक रात्रीचा प्रवास, तोही बसल्या जागी होण्यासारखा. घर सुटलं असं म्हणावं, तर लोक म्हणतात, मग ये की रविवारी.

मी गेले ती एका औषधाच्या कंपनीत. तपासणी विभागात. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोळ्या तपासायच्या आणि एक जरी चूक सापडली तर अख्खी बॅच नापास करायची. थोडक्यात, शंका घेण्याचा पगार. हे काम मला मानवलं, कारण घरी हेच मी फुकट करत होते. शहरही लवकर मानवलं. पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याला जास्तीचे पैसे देऊ लागले तर तो म्हणाला, "नक्को जी." नक्को! मला वाटलं, आपला परभणीचाच आहे हा. पुढं मी मेट्रोला लटकले, भाताला लागले, आंब्याच्या लोणच्यात लसूण खाऊ लागले, कँटीनमध्ये 'पेरुगु' म्हणून दही मागू लागले. फोनवर चुकून 'अय्यो' म्हटलं की आई पलीकडून विचारायची, काय सांडलं?

आणि याच वर्षांत, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, पण एक वाईट गोष्ट झाली. आई माझ्याशी सहमत व्हायला लागली.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांना यात वाईट काय ते कळणार नाही, म्हणून सांगते. आम्ही दुकानदार माणसं. खाली भुसार मालाचं दुकान, वर घर. गिऱ्हाईक आणि पाहुणा यांच्याशी वाद घालायचा नाही, हे आमच्याकडं विभूती लावण्याइतकं लहानपणापासून लावलेलं. पाहुणा म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर म्हणायचं, "तुमचं बी बरोबर हाय," आणि चहा पुढं करायचा. भांडायचं ते घरच्यांशी. ज्याच्याशी आई भांडत नाही तो आमच्या घरचा नव्हे, इतकं ते सोपं. मी घरची होते तेव्हा आई माझ्याशी भाजीच्या मिठावरून भांडायची, केसांच्या भांगावरून भांडायची, मी झोपले म्हणून आणि मी उठले म्हणूनही भांडायची.

आप्पा गेल्यानंतरच्या एका सुट्टीत मी घरी आले आणि चहा बशीसकट कपातून आला. फुलाफुलांचा कप. तो पाहुण्यांचा कप होता. मला जरा खटकलं. मी म्हटलं, भिंतींना पांढरा रंग देऊ. आईला पांढऱ्या भिंतीचा मनस्वी तिटकारा, दवाखान्यासारखं वाटतं म्हणते. ती म्हणाली, "पांढरा बी छान दिसंल." मग माझ्यातली तपासणीवाली जागी झाली. मी म्हटलं, आई, मी केस पार बारीक कापून टाकू का? आई म्हणाली, "काप की. उन्हाळ्याचं बरंच हाय." मी उठून गच्चीवर गेले आणि वाळत घातलेल्या मिरच्यांपाशी बसून रडले. मिरच्यांमुळं असं नंतर सांगितलं. त्यावरही आई म्हणाली, हो, झोंबत्यात.

अशा दिवसांत टीव्हीवर 'तारघर' सुरू झालं.

मालिका निजामाच्या काळातली. एक जंक्शन स्टेशन, तिथलं तारघर, म्हणजे टकटक करून तारा पाठवायचं ऑफिस. तिथं वत्सला नावाची मुलगी कामाला लागते. तिचा साहेब नरहरराव तिनं केलेल्या प्रत्येक कामाचं श्रेय स्वतः घेतो. तिच्याच टेबलावर समोर वेंकट बसतो, तेलंगणाकडून आलेला, तोंडानं कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलणारा. शिवाय माधव नावाचा गार्ड आहे, तो हिरवी झेंडी दाखवता दाखवता वत्सलाकडं बघतो आणि त्यामुळं गाड्या रखडतात. एवढ्यावर ती मालिका वर्षभर चालली आणि आमच्या घराण्याचे तीन तुकडे झाले.

हे तुकडे सांभाळायला पूर्णेच्या मावशीनं मोबाईलवर 'तारघर पंचायत' नावाचा ग्रुप काढला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे काका, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. साहजिकच काका माधवच्या पार्टीचे. प्रेमाशी त्यांना देणं-घेणं नव्हतं, त्यांना रेल्वेचं केडर महत्त्वाचं. "पोरगं गार्ड हाय, पोरीला फुकट पास मिळंल." मात्र मालिकेतला एकही भाग त्यांना पसंत पडला नाही. माधवनं झेंडी धरली की काका लिहायचे, हात चुकला. वत्सलानं तार पाठवली की लिहायचे, त्या काळात बाई तारेवर? आमच्या काळात सुद्धा न्हवती. मावशी वेंकटच्या पार्टीची, कारण काका माधवच्या. आणि आई कुणाच्याच नाही. आई म्हणायची, वत्सलानं दोघांना बी फलाटावर उभं करावं आन् आपली गाडी धरावी.

आई लिहीत नसे, बोलून पाठवायची. मागं कुकरच्या शिट्ट्या, खाली दुकानात पोती उतरल्याचे आवाज, आणि मधोमध आईचा संताप. "त्या नरहररावाला काई लाज हाय का? पोरगी रात्रंदिवस मरायली आन् सही ह्याची!" मी कँटीनमध्ये कानाला फोन लावून ते ऐकायचे आणि जीव सुपाएवढा व्हायचा. ही माझी आई होती. हा तोच आवाज होता. मग मी मुद्दाम उलट बाजू घ्यायचे, नरहररावाचीसुद्धा, की त्याच्यावरही वरून दबाव असेल. आई उसळून म्हणायची, "तुला काय कळतंय!" मला वाटायचं, अजून दोन वाक्यं बोल. प्रत्यक्ष फोन केला की मात्र पुन्हा तेच, जेवलीस का, बरं, तू म्हणतीस तसंच कर.

आता श्रीनिवासबद्दल सांगायला हवं. श्रीनिवास वरंगळचा, आमच्याच कंपनीत, गोळ्या बनवायच्या विभागात. त्याची एक बॅच मी नापास केली. मग दुसरी केली. तिसरी पास झाली तेव्हा त्यानं मला इराणी चहा पाजला, आणि बिस्किट बुडवताना म्हणाला की नापास करताना तुम्ही फार सुंदर कारणं लिहिता. असा माणूस सोडवेना. जात वेगळी, भाषा वेगळी, आणि तिन्ही त्रिकाळ भात खाणारा. माझ्याशी बोलता यावं म्हणून त्यानं मराठी शिकायला घेतली, तीही 'तारघर' बघून. परिणाम असा झाला की तो निजामकाळातली मराठी बोलू लागला. मला फोन करून विचारायचा, "आपले भोजन झाले काय?" एकदा मेट्रोत गर्दीत पाय पडला माझ्या पायावर, तर भर डब्यात म्हणाला, "क्षमा असावी."

दसऱ्याला घरी गेले तेव्हा मी आईला त्याच्याबद्दल सगळं सांगितलं. जात, भाषा, भात, काहीच लपवलं नाही. रेल्वेत रात्रभर तयारी केली होती: ती हे म्हणेल, मग मी ते म्हणेन, मग ती रडेल, मग मी रडेन. आई शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "चांगलं हाय की. तुला पसंत हाय म्हणजे चांगलाच असंल." आणि फुलाफुलांच्या कपातून चहा आणला.

मी कप तसाच खाली ठेवला. साध्या चिंचेच्या आमटीवरून माझ्याशी सहा महिने भांडलेली बाई, आयुष्याच्या एवढ्या मोठ्या गोष्टीला एका दमात हो म्हणते? पाहुण्याला देतात तो होकार होता तो. म्हणजे नकारच. मग मी श्रीनिवासला फोन लावून आईच्या हातात दिला. तो म्हणाला, "मातोश्री, दंडवत. आपली प्रकृती कशी आहे?" आई म्हणाली, "तुमच्या आशीर्वादानं बरी हाय." होणाऱ्या जावयाचा आशीर्वाद! त्यानं म्हटलं, आज ऊन आहे. आई म्हणाली, बरोबर हाय तुमचं. त्यानं म्हटलं, पण पाऊस येईल असं वाटतं. आई म्हणाली, त्ये बी बरोबर हाय. तो खूश. "आपल्या मातोश्री किती सौम्य आहेत," म्हणाला. मी कपाळावर हात मारला.

त्याच सुमाराला मालिकेत सिकंदराबादच्या मोठ्या तारघरात एक जागा निघाली. वत्सला आणि वेंकट यांचं लग्न ठरत आलेलं. अर्ज दोघांनीही केला आणि जागा मिळाली वत्सलाला. चांगला मुहूर्त बघून सांगू म्हणून ती गप्प राहिली, आणि वेंकटला ते कळलं हमालाकडून. तो रुसला. नुसता रुसला नाही, भागामागून भाग टेबलावर समोर बसून राहिला आणि तोंडातून शब्द काढला नाही.

आई पेटली. "रुसका हाय त्यो! आसल्याला तारेच्या खांबाला बांधून ठिवायला पायजे. बायकू म्होरं गेली की ह्याचं तोंड उतरतंय. आसल्यासंगं संसार म्हणजे रोजची मनधरणी."

मी तो निरोप पुन्हा लावून ऐकला. तेलंगणाचा माणूस, एकाच ऑफिसातला, बाई त्याच्या वरचढ. हे वेंकटला चाललं होतं की कुणाला? आई मला तोंडावर नाही म्हणू शकत नाही, कारण मी पाहुणी. म्हणून ती वेंकटच्या आडून बोलते आहे, हा निष्कर्ष मी काढला. आणि तिथून पुढं मी वेंकटचं वकीलपत्र घेतलं. बॅचचे अहवाल बाजूला ठेवून मी ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहायचे: वेंकटचं बालपण, वेंकटची परक्या मुलखातली अडचण, वेंकटचे डोळे. मावशी त्यावर अंगठा दाखवायची. काका मध्येच गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हणायचे. आई प्रत्येक वेळी एकच निकाल द्यायची: रुसका.

भरीस भर, त्याच आठवड्यात मी श्रीनिवासची आणखी एक बॅच नापास केली. नियमाप्रमाणं आधी सांगता येत नाही, त्याला ते मेलवरून कळलं, आणि तो माझ्याशी बोलेना. कँटीनमध्ये समोर बसायचा, भात कालवायचा, भिंतीकडं बघून जेवायचा. मी बघत राहिले. मनात आलं, आई बरोबर असेल तर? दूर मानवतमध्ये बसून, टीव्हीतल्या माणसावरून तिनं माझा माणूस ओळखला असेल तर? त्या दिवसांत मला खरोखर भीती वाटली. काही दिवसांनी तो आपण होऊन बोलला, पण भीती तशीच राहिली.

मग मालिकेचा शेवटचा भाग जाहीर झाला. रविवारी संध्याकाळी, दोन तासांचा. मावशीनं फर्मान काढलं की सगळ्यांनी मानवतला जमायचं, आणि "त्या पोराला बी घिऊन ये, बघू तरी." तेव्हा हाच आमचा बघण्याचा कार्यक्रम. रेल्वेत मी श्रीनिवासची उजळणी घेतली. भाकरी मोडून खायची, भात मागायचा नाही, काकांना झेंडीबद्दल विचारायचं नाही, नाहीतर गाडी चुकेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वेंकटबद्दल कुणी विचारलं तर तो वाईट आहे असंच म्हणायचं. "परंतु मला तो वाईट वाटत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, वाटू दे, म्हणायचं तसंच.

घरी येसराची आमटी, भाकरी, शेंगाची चटणी, पुरणपोळी, सगळं झालं होतं. श्रीनिवासनं आईच्या पाया पडून विभूती लावून घेतली. जेवताना म्हणाला, "आपली आज्ञा असेल तर आणखी एक भाकरी घेईन." मावशीनं पदर तोंडाशी नेला. आई त्याच्या प्रत्येक वाक्याला बरोबर हाय, बरोबर हाय म्हणत होती, आणि मी ते 'बरोबर हाय' मोजत होते.

मालिका सुरू झाली. वत्सला पेटी भरून फलाटावर आली, वेंकट तारघरात खाली मान घालून बसला, आणि शेवटचा ब्रेक लागला. काका म्हणाले, "गाडीवर माधव गार्ड हाय. बघाच आता." मावशी म्हणाली, "तुमचा माधव जलमभर झेंडीच हलवत बसंल." आणि आईनं पाहुण्याला बोलतं करावं म्हणून विचारलं, "तुमाला काय वाटतं, श्रीनिवासराव? वेंकटचं?"

श्रीनिवासनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे मोठे केले. त्यानं ताटली खाली ठेवली. "क्षमा असावी, मातोश्री. मला वेंकटचा राग येत नाही."

"तुमचं बी बरोबर हाय," आई म्हणाली.

आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं की विषय इथं संपला. याला कळलं नाही. त्यानं ते खरं धरलं. चेहरा उजळला त्याचा. "म्हणजे आपण सहमत आहात? परंतु आपण तर म्हणाला होतात की त्याला खांबाला बांधून ठेवावे. आपल्या संगीतानं मला ऐकवलं."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी उशी पुढं ओढली. "म्हणले असंन," ती म्हणाली.

"मग आपले खरे मत कोणते?"

यजमानाला त्याचं खरं मत विचारण्याइतका उद्धट पाहुणा आमच्या घरात आजवर आला नव्हता. काकांनीसुद्धा मान वळवली. आईनं पदर खोचला. "खरं सांगू का?"

"कृपा करून."

"मंग आयका. रुसका हाय त्यो. एक नंबरचा. तिनं न्हाई सांगितलं तर तोंड हाय ना तुला? इचार की!"

"पण तिनं आधी सांगायला हवं होतं. हमालाकडून कळलं त्याला. माणसाला लागतं." आणि मग, मी त्याचा पाय दाबायच्या आत, हा म्हणाला, "मी पण विचारलं नव्हतं. माझी बॅच हिनं नापास केली, मला मेलवरून कळलं. मी आठवडाभर बोललो नाही हिच्याशी."

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. संपलं, मी मनात म्हटलं. आई हळूच माझ्याकडं वळली.

"तू सांगितलं न्हाईस ह्याला?"

"आई, नियम असतो. निकाल आधी सांगता येत नाही."

"तुझा नेम घाल चुलीत! निकाल नको सांगू. 'वाईट बातमी यायली, जीव घट्ट कर' एवढं तरी म्हणायचं! एका कँटीनात जेवता ना? अक्कल हाय का तुला? एवढं शिकून काय उपेग?" मग ती त्याच्याकडं वळली. "आन् तू रे? तुझ्या गोळ्या बिघडल्या तर बिघडल्या! लोकाच्या पोटात जायच्या हायेत त्या. हिनं अडिवल्या ते बरंच केलं. त्यात रुसायचं काय?"

"पण मातोश्री..."

"मातोश्री ऱ्हाऊ दे बाजूला. मनात काय हाय ते बोल नीट!"

श्रीनिवासची सगळी मराठी त्या एका वाक्यानं गळून पडली. "अम्मा, बुरा तो लगता ना!" तो कळवळून म्हणाला.

"लगता ना? तो बोलनेका था ना!" आई ओरडली. "मुँह फुगाके बैठे तो सामनेवाली को क्या समझता?" 

मग जे काही झालं त्याला मी तरी वादविवाद म्हणणार नाही. आई मराठीतून दुकानात शिकलेल्या दक्खनी हिंदीत आणि दक्खनीतून मराठीत येत-जात होती, श्रीनिवास तेलुगूतून शपथा घेत होता, मावशी वेंकटची म्हणून त्याच्या बाजूनं शिरली, आणि मी दोन्ही बाजूंनी शिव्या खात होते. एवढ्या वर्षांनी आई माझ्यावर तोंड टाकत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसतही होते, आणि आई म्हणत होती, हसायलीस काय येड्यावानी!

आम्ही टीव्हीकडं वळलो तेव्हा तिथं तेलाची जाहिरात लागली होती. मालिका संपली होती. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला तो शेवट आमच्यातल्या कुणीच बघितला नव्हता, एक काका सोडून. सगळ्यांनी काकांना घेरलं. वत्सला गेली का? वेंकट आला का? काका शांतपणे म्हणाले, "गाडी सुटायच्या आधी गार्डानं शिट्टीच दिली न्हाई. आसं असतंय व्हय?"

"अवो, पोरीचं काय झालं?" मावशी किंचाळली.

"मी गार्डाकडं बघायलतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं श्रीनिवासच्या हातात ज्वारीचा डबा दिला आणि त्याला गिरणीवर पिटाळलं. मावशी हबकली. "अगं, जावई हाय का गडी? दळणाला धाडायलीस!" आई म्हणाली, "पीठ सपलंय. काल पाच भाकरी कुणी खाल्ल्या?" तो गेला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि शेवटी सरळच विचारलं की आई, तुझा होकार आहे की नाही.

"दसऱ्यालाच सांगितलं ना, चांगलं हाय मनून."

"मला वाटलं, तू वेंकटला बोलतेस ते त्याला बोलतेस."

आईनं लाटणं खाली ठेवलं. "वेंकट येगळा, ह्यो येगळा. ती सिरेल हाय. तुला तपासणीत कुणी ठिवलं?"

"मग माझ्याशी असं पाहुण्यासारखं का वागतेस? भांडत का नाहीस?"

तिनं लाटणं पुन्हा उचललं. मग पोळी लाटत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "वर्साला चार दिस येतीस. त्यात भांडून धाडू व्हय तुला? आप्पा गेले तवापासून जाताना तुझं तोंड बघितलं की नको वाटतंय. मग म्हणते, जाऊ दे, हो म्हणावं." आणि पुढं म्हणाली, "भांडायचं साचतंय की मग. कुणाला तरी बोलावं लागतंय. ती वत्सला आपली बरी सापडली."

मला वाटत होतं की मी लांब गेले म्हणून आईनं मला पाहुणी केलं. आणि ती तिकडं एकेक भांडण गिळून माझे चार दिवस गोड करत होती. मी तिला तसं म्हणाले. मी म्हणाले, आई, नको गोड करूस. ती म्हणाली, बरं. आणि मी इतकी रागावले की तिला हसू आलं. तेवढ्यात श्रीनिवास पिठानं पांढरा होऊन परतला, आणि डब्यात ज्वारीऐवजी कुणाचं तरी बाजरीचं पीठ निघालं. "डोळे हायेत का बटणं?" आई म्हणाली. त्याला परत जावं लागलं.

मैत्रिणींनो, घर म्हणजे काय यावर तुमच्याकडं सुंदर वाक्यं असतील. मी तपासणी विभागातली बाई, मला एवढंच सांगता येतं की होकारावर जाऊ नका. हैदराबादेत मला सगळे मान देतात, माझं म्हणणं ऐकून घेतात. माझा कायमचा मुक्काम आता तिथंच आहे, हे मी मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनाही सांगून टाकलं.

परवा आईला फोन केला. म्हटलं, लग्न हैदराबादलाच करू, हॉल चांगला मिळतोय, श्रीनिवासच्या माणसांना सोयीचं पडेल, तुम्हाला सगळ्यांना मी गाडी पाठवीन. आई सगळं ऐकून घेत होती. मी मनात म्हटलं, आता ती म्हणणार, तू म्हणतीस तसंच कर.

"न्हाई," आई म्हणाली. "मानवतलाच हुईल. काय करायचं ते कर."

मी ऑफिसच्या जिन्यात बसकण मारली आणि म्हटलं, का म्हणून? आणि आम्ही सुरू झालो.